महाविद्यालयातील प्लेसमेंट कक्ष आणि नोकरीची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लेसमेंट कक्षाच्या दाराशी वर्षातून दोनदा गर्दी होते : प्रवेशाच्या दिवसांत पालकांची आणि शेवटच्या वर्षाच्या दिवाळीनंतर विद्यार्थ्यांची. मधल्या काळात हा कक्ष कोणत्या मजल्यावर आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. खालील प्रश्न मुख्यतः कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांकडून येणारे आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही त्यांतील बराच भाग लागू पडेल. उत्तरे महाराष्ट्रातील महाविद्यालयांची परिस्थिती समोर ठेवून दिली आहेत.

प्लेसमेंट कक्ष नोकरी देतो का?

नाही. कंपन्यांशी संपर्क ठेवणे, त्यांच्या निकषांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी पाठवणे, परीक्षा आणि मुलाखतींसाठी जागा व वेळ उपलब्ध करून देणे आणि त्याआधी विद्यार्थ्यांची तयारी करून घेणे, एवढे कक्षाचे काम आहे. निवड कंपनी करते आणि नकारही तीच देते. बहुतेक महाविद्यालयांत हे काम एखाद्या प्राध्यापकाकडे अध्यापन सांभाळून दिलेले असते, हे लक्षात घेतले तर कक्षाकडून काय मागावे आणि काय मागू नये, याचा अंदाज येईल. राज्यातील अनेक महाविद्यालयांत याच कामाला जोडून 'करिअर कट्टा' हा उपक्रमही चालतो. त्यातील मार्गदर्शन वर्गांची माहिती कक्षातच मिळते.

एखादे महाविद्यालय '१०० टक्के प्लेसमेंट' असे जाहीर करते, तेव्हा त्याचा अर्थ काय घ्यावा?

तीन गोष्टी विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. टक्केवारी कशाची काढली आहे : एकूण उत्तीर्ण विद्यार्थ्यांची, की कक्षात नाव नोंदवलेल्या आणि निकषांत बसलेल्या मोजक्या विद्यार्थ्यांची? मोजले काय आहे : हातात पडलेली ऑफर पत्रे, की प्रत्यक्ष रुजू झालेली मुले? एकाच विद्यार्थ्याला तीन पत्रे मिळाली, तर काही ठिकाणी ती तीन म्हणून मोजली जातात. आणि जाहिरातीतले पॅकेज सर्वांत मोठे आहे, की मधल्या विद्यार्थ्याला मिळालेले? सर्वाधिक पॅकेज एकाला मिळते. तुम्हाला काय मिळण्याची शक्यता आहे, हे मधल्या आकड्यावरून कळते. पालकांनी प्रवेशाच्या वेळी हे प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही आणि त्यांची उत्तरे द्यायला कक्षाने कचरू नये.

मी पहिल्या वर्षाला आहे. आत्ताच कक्षात येण्याचे काय कारण?

कारण शेवटच्या वर्षी ज्या गोष्टींवरून तुमचे नाव यादीतून वगळले जाते, त्यांतील बहुतेक गोष्टी तोपर्यंत घडून गेलेल्या असतात. मोठ्या प्रमाणावर भरती करणाऱ्या कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी ६० टक्के गुण आणि एकही शिल्लक विषय नसणे, अशा स्वरूपाच्या अटी घालतात. काही जण ५० टक्क्यांपर्यंत खाली येतात, काही फक्त पदवीचे गुण पाहतात. दहावी-बारावीचे गुण आता बदलणार नाहीत, परंतु पहिल्या दोन वर्षांची पदवीची सरासरी अजून तुमच्या हातात आहे. तिसऱ्या वर्षी कितीही अभ्यास केला, तरी आधीच्या चार सत्रांची सरासरी फार वर सरकत नाही.

दुसरे कारण राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे आहे. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली आहे. तीत मुख्य विषयासोबत गौण विषय, कौशल्याधारित विषय, क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, यांना श्रेयांक (क्रेडिट) दिलेले आहेत. कौशल्याचा विषय निवडताना 'कोणत्या विषयात सहज गुण पडतात' एवढेच पाहिले जाते, असा सर्वत्र अनुभव आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने त्या जागी स्प्रेडशीट आणि सांख्यिकीचा विषय घेतला, तर तिसऱ्या वर्षी मुलाखतीत बोलण्यासाठी तिच्याकडे काहीतरी असते. हा निर्णय पहिल्या वर्षी होतो आणि त्या वेळी कक्षात येऊन कोणी विचारत नाही.

पहिल्या वर्षी आल्यावर फार काही करायचे नसते. मागील दोन वर्षांत आलेल्या कंपन्यांची यादी आणि त्यांचे निकष पाहून घ्यावेत, आपल्या शाखेतील कोणाची कुठे निवड झाली ते विचारावे आणि त्यांच्यापैकी एकाशी बोलावे. माजी विद्यार्थी बोलायला तयार असतात. त्यांना विचारणारेच कमी असतात.

माझी एटीकेटी आहे, किंवा मध्ये एक वर्ष गेले आहे. माझे नाव यादीत येईल का?

एटीकेटी सुटलेली असेल, तर बहुतेक कंपन्यांना चालते. भरतीच्या दिवशी विषय शिल्लक असेल, तर बहुतेकांना चालत नाही. वर्ष वाया गेल्याचे लपवू नका. ते गुणपत्रिकांवरील तारखांवरून दिसतेच आणि पडताळणीत लपवाछपवी सापडली, तर हातातली ऑफर रद्द होते. आजारपण, घरची अडचण, प्रवेश परीक्षेची तयारी, यांपैकी जे खरे असेल ते दोन वाक्यांत सांगावे आणि त्या काळात काय केले ते तिसऱ्या वाक्यात.

श्रेणी गुणांचे टक्क्यांत रूपांतर करताना आपल्याच विद्यापीठाचे सूत्र वापरा. मित्राच्या विद्यापीठाचे सूत्र लावून दोन टक्के जास्त दाखवले आणि नंतर गुणपत्रिका मागितली गेली, तर खुलासा करताना पंचाईत होते.

नोकरीसाठी बायोडेटा कसा असावा?

एका पानाचा आणि तुमचा स्वतःचा असावा. आमच्याकडे येणारे निम्मे बायोडेटा पाहून असे वाटते की ते लग्नासाठी तयार केलेल्या नमुन्यात बसवले आहेत : धर्म, जात, उंची, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या, वैवाहिक स्थिती. खासगी नोकरीच्या अर्जात यातील काहीही लागत नाही. सरकारी भरतीत जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमी लेयर प्रमाणपत्र लागते, परंतु त्यासाठी अर्जात वेगळा रकाना असतो.

नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, साधा दिसणारा ई-मेल पत्ता, गाव आणि तालुका एवढे वर पुरेसे आहे. शाळेत असताना गमतीने काढलेला ई-मेल पत्ता बदलून घ्यावा. 'प्रगतिशील संस्थेत काम करून स्वतःचा आणि संस्थेचा विकास साधणे' हे उद्दिष्टाचे वाक्य काढून टाकावे. ते प्रत्येकाच्या बायोडेटात असते आणि कोणीही वाचत नाही. त्या जागी आपण काय केले आहे ते लिहावे. 'महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे आयोजन' असे मोघम लिहिण्यापेक्षा 'स्नेहसंमेलनाच्या खर्चाचा हिशेब ठेवला, पावत्या जमा केल्या आणि लेखापरीक्षणासाठी सादर केल्या' असे लिहिले, तर मुलाखत घेणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचतो. घरच्या दुकानात तीन वर्षे बसलेल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तो अनुभव लिहिण्याची लाज वाटते. वास्तविक उधारीची वही, माल मागवणे आणि जीएसटीची बिले त्याने पाहिलेली असतात, जी वर्गातल्या इतर मुलांनी पाहिलेली नसतात. कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात किंवा कार्यालयात केलेले कामही अनुभवच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या राज्यात ते लपवण्याचे काही कारण नाही.

प्रकल्पाबद्दल एक सावधगिरीची सूचना. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तयार विकत मिळतात, हे विद्यार्थ्यांना माहीत आहे तसे मुलाखत घेणाऱ्यांनाही माहीत आहे. त्यांचा पहिला प्रश्न सहसा साधा असतो : 'हे करताना सर्वांत जास्त वेळ कशात गेला?' ज्याने प्रकल्प खरोखर केला आहे, तो यावर दहा मिनिटे बोलतो. ज्याने विकत घेतला आहे, तो पाठ केलेली प्रस्तावना म्हणून दाखवतो. लहान, अपुरा राहिलेला, पण स्वतः केलेला प्रकल्प लिहिणे केव्हाही हिताचे.

कागदपत्रांची तयारी म्हणजे नेमके काय करायचे?

सर्वांत आधी आपले नाव सगळीकडे सारखे आहे का, ते पाहावे. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, आधारवर स्वतःचे नाव आधी येते, पॅनवर आपल्या नावातून वडिलांचे नाव गाळलेले असते आणि बँकेच्या पासबुकात एखादे अक्षर वेगळे असते. क्रमातील फरक सहसा चालून जातो; स्पेलिंगमधील फरक चालत नाही. 'सौरभ' हे नाव दोन कागदांवर दोन प्रकारे लिहिलेले असेल, तर कंपनीची पडताळणी करणारी संस्था ते परत पाठवते आणि रुजू होण्याची तारीख पुढे जाते. चूक दहावीच्या प्रमाणपत्रात असेल, तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. मुद्दाम बदललेल्या नावासाठी राजपत्रात प्रसिद्धी घ्यावी लागते. लग्नानंतर आडनाव बदलणाऱ्या विद्यार्थिनींनी हे वेळीच ध्यानात ठेवावे.

गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये घ्याव्यात आणि शैक्षणिक श्रेयांक बँकेचे, म्हणजे मिळवलेले श्रेयांक डिजिटल स्वरूपात साठवणाऱ्या व्यवस्थेचे, खाते आधीच उघडलेले असावे. बाकी यादी कक्षाच्या फलकावर लावलेली असते.

माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. इंग्रजीमुळे मी मागे पडेन का?

ज्या कामात इंग्रजी बोलणे हेच काम आहे, उदाहरणार्थ परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणे, तिथे सुरुवातीला मागे पडाल. इतरत्र परिस्थिती एवढी वाईट नाही. मुलाखतीत व्याकरणाची चूक झाल्यामुळे नाकारले गेल्याची उदाहरणे आम्हाला फारशी आठवत नाहीत. प्रश्न न समजता पाठ केलेले उत्तर म्हटले, म्हणून नाकारले गेल्याची मात्र भरपूर आहेत. 'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नावर इंटरनेटवरून घेतलेला परिच्छेद एका श्वासात म्हणणारा विद्यार्थी मध्येच अडवला की पूर्ण थांबतो, कारण त्याला पुढचे शब्द आठवतात, अर्थ आठवत नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. आपल्या विषयातील दहा संकल्पना निवडाव्यात आणि प्रत्येक संकल्पना आधी मराठीत, नंतर इंग्रजीत दोन मिनिटे मोठ्याने समजावून सांगावी. मराठीत सांगताना अडखळलात, तर अडचण भाषेची नसून विषयाची आहे, हे ताबडतोब कळेल. कक्षाच्या सराव मुलाखती याच कामासाठी आहेत. प्रश्न समजला नाही तर 'कृपया पुन्हा सांगाल का' असे विचारणे, किंवा एखादा शब्द न सुचल्यास 'हे हिंदीत सांगू का' अशी परवानगी घेणे, यात कमीपणा नाही.

शिवाय मराठीची बाजू जिथे भक्कम ठरते, अशी कामे आहेतच. बँकांच्या लिपिक पदांच्या भरतीत त्या त्या राज्याची भाषा वाचता, लिहिता आणि बोलता यावी लागते. सूक्ष्म वित्तपुरवठा, विमा, कृषी निविष्ठा, ग्रामीण भागातील विक्री आणि सामाजिक संस्था यांत गावकऱ्यांशी नीट बोलणारा माणूस हवा असतो. भाषांतर आणि स्थानिकीकरणाच्या क्षेत्रात तर चांगले मराठी लिहिणारी माणसे शोधावी लागतात.

अ‍ॅप्टिट्यूड परीक्षेची तयारी केव्हा सुरू करावी?

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, रोज अर्धा तास. प्रश्न आठवी ते दहावीच्या गणितावरचेच असतात. अडचण वेळेची असते. बँक भरती, टीसीएसची एनक्यूटी ही परीक्षा आणि बहुतेक कंपन्यांच्या चाळणी परीक्षा यांचा पाया एकच असल्याने ही मेहनत वाया जात नाही.

ऑफर पत्रात वार्षिक ३ लाख ६० हजार लिहिले आहेत. म्हणजे महिना ३० हजार मिळतील ना?

नाही, आणि हा गैरसमज घरोघरी आहे. पत्रातील आकडा कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाचा असतो, ज्याला सीटीसी म्हणतात. एक नमुना घेऊ. मूळ वेतन महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,००० आहे, असे धरा. त्यावर कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा १२ टक्के वाटा वर्षाला २१,६०० रुपये होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ वेतनाच्या ४.८१ टक्के, म्हणजे ८,६५८ रुपये. विम्याचा हप्ता समजा ६,००० रुपये. कामगिरीवर अवलंबून असलेला भाग १० टक्के, म्हणजे ३६,००० रुपये, जो वर्षाअखेर मिळतो, कधी पूर्ण मिळत नाही. हे सगळे वजा केल्यावर २,८७,७४२ रुपये उरतात, म्हणजे महिना सुमारे २३,९७८. त्यातून निर्वाह निधीचा तुमचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापले जातात. हातात सुमारे २२ हजार येतात. महाराष्ट्रात फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये असतो, म्हणून त्या महिन्यात शंभर रुपये आणखी कमी. मासिक २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना हा कर माफ आहे.

निर्वाह निधीचे पैसे तुमचेच आहेत, ते बुडत नाहीत. पण खोलीचे भाडे त्यातून भरता येत नाही. म्हणून ऑफर स्वीकारण्यापूर्वी वेतनाचा तक्ता मागावा आणि पुणे किंवा मुंबईत राहणार असाल, तर भाडे, अनामत रक्कम, मेस आणि प्रवास यांचा हिशेब त्यापुढे मांडावा. गावाजवळच्या औद्योगिक वसाहतीतील १८ हजारांची नोकरी शहरातल्या २२ हजारांपेक्षा खिशाला परवडते, असे अनेकदा दिसते. अर्थात शिकायला कुठे जास्त मिळेल, हा हिशेब वेगळा करावा लागतो आणि तो कक्ष तुमच्यासाठी करू शकत नाही.

कंपनी दोन वर्षांचा बाँड मागते आहे. सही करावी का?

वाचल्याशिवाय करू नये. नोकरी सोडल्यास ठरावीक रक्कम भरण्याची अट आपोआप बेकायदा ठरते, असा विद्यार्थ्यांमध्ये समज आहे, पण तो बरोबर नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. दुसऱ्या बाजूने, भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगाची भरपाई वाजवी असावी लागते, आणि नोकरी सोडल्यानंतर इतरत्र काम करण्यावर बंदी घालणारी अट कलम २७ समोर सहसा टिकत नाही. प्रशिक्षणावर खरोखर खर्च होणार आहे का, रक्कम काळानुसार कमी होत जाते का, आणि कंपनीनेच काढून टाकले तर काय, हे तीन मुद्दे पाहून ठरवावे. रक्कम मोठी असेल, तर ओळखीच्या वकिलाला कागद दाखवावा.

मूळ गुणपत्रिका मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नये. पडताळणीसाठी दाखवाव्यात, छायाप्रत द्यावी, मूळ प्रत त्याच वेळी परत घ्यावी. महाविद्यालयांनीदेखील मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

एका कंपनीत निवड झाल्यावर दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतीला बसू दिले जात नाही. हा अन्याय नाही का?

नियम महाविद्यालयागणिक वेगळा असतो. सामान्यतः एका विद्यार्थ्याला एक नोकरी हे तत्त्व असते आणि ठरावीक पटीने जास्त वेतन देणाऱ्या कंपनीसाठी एक सवलत असते. चार ऑफर घेऊन तीन ठिकाणी रुजू न होणाऱ्या विद्यार्थ्यामुळे पुढच्या वर्षी ती कंपनी येत नाही आणि त्याची किंमत मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मोजावी लागते. तरीही रुजू होण्याची तारीख महिनोन्महिने पुढे ढकलणाऱ्या कंपनीसाठी विद्यार्थ्याला अडवून ठेवणे आम्हाला पटत नाही. अशा वेळी कक्षाने लेखी मुदत ठरवून द्यावी आणि ती टळल्यास विद्यार्थ्याला मोकळे करावे. तुमच्याकडे असा नियम नसेल, तर वर्ग प्रतिनिधींमार्फत मागणी करा.

ओजेटी, इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि शासनाच्या योजना यांत फरक काय?

ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे. तिला श्रेयांक मिळतात, मानधन मिळेलच असे नाही. तिचे पत्र ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणण्याची पद्धत रूढ होऊ लागली आहे. त्याने श्रेयांक मिळतील, पण बायोडेटात लिहिण्यासारखी एकही ओळ मिळणार नाही. गावातील सनदी लेखापालाचे कार्यालय, सहकारी पतसंस्था, दूध संघाची प्रयोगशाळा, पंचायत समिती, तालुक्याचे वृत्तपत्र कार्यालय, यांपैकी कुठेही ठरलेले तास खरोखर बसलात, तर फरक पडतो. अशा ठिकाणी प्रवेश मिळण्यासाठी लागणारे महाविद्यालयाचे पत्र कक्षातून मिळते.

अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, ही १९६१ च्या कायद्याखाली येते आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही खुली झाली. पदवीधरांसाठी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना, म्हणजे नॅट्स, आहे. पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत शीव येथे असून महाराष्ट्र आणि गोवा त्याच्या कक्षेत येतात. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी किमान विद्यावेतन ९,००० रुपये ठरले आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक नोकरीचा अनुभव असलेल्याला ही संधी मिळत नाही, म्हणून पदवीनंतर लगेच तिचा विचार करावा. आमच्या मते साधारण गुण असलेल्या विज्ञान आणि वाणिज्य पदवीधरासाठी हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयुक्त मार्ग आहे : मोठ्या कारखान्याच्या किंवा बँकेच्या आत एक वर्ष राहता येते आणि शेवटी केंद्र सरकारचे प्रमाणपत्र मिळते.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केली. तीत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरले. सुरुवातीचा सहा महिन्यांचा कालावधी पुढे वाढवण्यात आला. नोंदणी महास्वयम संकेतस्थळावर होते आणि शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही २०२४ मध्येच आली. सुरुवातीच्या अटींनुसार २१ ते २४ वर्षे वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण किंवा नोकरी करत नसलेल्या तरुणांना बारा महिने, महिना ५,००० रुपये आणि एकदाच ६,००० रुपये अशी तिची रचना होती. अटी बदलत राहतात, त्यामुळे अर्ज करण्याच्या दिवशीचे संकेतस्थळच प्रमाण मानावे. यांतील कोणतीही योजना कायम नोकरीची हमी देत नाही.

मी बीए करतो आहे. कक्षात माझ्यासाठी काय आहे?

कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या कमी आणि माहिती बरीच, हे प्रामाणिक उत्तर आहे. बँक आणि विमा परीक्षा, ग्रंथालयशास्त्र, समाजकार्य, विधी, बीएड, पत्रकारिता, भाषांतर, हे रस्ते माहीत असतात. कोणत्या प्रवेश परीक्षेचा अर्ज केव्हा भरायचा, हे माहीत नसते आणि तारीख निघून जाते. ते वेळापत्रक कक्षात मिळेल.

बीएस्सीच्या विद्यार्थ्यांचे चित्र वेगळे आहे. कुरकुंभ, तारापूर, महाड, लोटे परशुराम या औद्योगिक वसाहतींतील रसायन व औषध कारखान्यांना, तसेच गोव्यातील वेर्णा परिसरातील औषध कंपन्यांना गुणवत्ता नियंत्रण विभागात रसायनशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर लागतात. तिथे मुलाखतीत टायट्रेशन, पीएच मीटरचे अंशांकन आणि एचपीएलसीचे तत्त्व विचारतात. प्रात्यक्षिकाची वही दुसऱ्याची उतरवलेली असेल, तर ती तिथे उघडी पडते. बीकॉमच्या विद्यार्थ्यांनी टॅली आणि जीएसटी विवरणपत्रांचा प्रत्यक्ष सराव करावा. सीएचा विचार असेल, तर नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, दोन वर्षांची झाली आहे, हे लक्षात घेऊन पदवीचे वेळापत्रक आखावे.

मला एमपीएससी करायची आहे. मग कक्षात नाव कशाला नोंदवू?

नोंदवण्यात तोटा नाही म्हणून. राज्यसेवेसाठी कमाल वयोमर्यादा खुल्या गटात ३८ आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षे आहे. ही सवलत मोठी आहे, आणि तिच्यामुळेच पुण्याच्या पेठांतील खोल्यांत दहा-दहा वर्षे राहणारी मुले दिसतात. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक पद्धतीकडे वळली असल्याने लेखनाची सवय नसलेल्यांना तयारीला आणखी वेळ लागेल. आम्ही कोणाला परावृत्त करत नाही. फक्त किती प्रयत्न करायचे, किती पैसे लावायचे आणि त्यानंतर काय, हे घरच्यांसोबत बसून, कागदावर, सुरुवातीलाच ठरवावे असा आग्रह धरतो. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या प्रशिक्षण योजनांसाठी पात्र असाल, तर खासगी शिकवणीचे शुल्क भरण्याआधी तिथे अर्ज करा.

नोकरीसाठी आधी पैसे भरायला सांगितले आहेत. खरे असेल का?

नसते. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, गणवेश, 'परत मिळणारी' प्रशिक्षण फी, अशी कोणतीही रक्कम मागितली गेली की तिथेच थांबावे. ई-मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला आहे का ते पाहावे आणि पत्र कक्षात आणून दाखवावे. पैसे गेले असतील, तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे; पहिल्या काही तासांत खाते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

घरचे परगावी पाठवायला तयार नाहीत. कक्ष काही करू शकतो का?

हा प्रश्न बहुधा विद्यार्थिनी विचारतात. पालकांना घेऊन या. कंपनीचा पत्ता, बसची सोय, वसतिगृहाचे दर आणि तिथे आधीपासून काम करणाऱ्या माजी विद्यार्थिनीचा तिच्या संमतीने दिलेला संपर्क, एवढे समोर ठेवले की अनेक आई-वडिलांचे मत बदलते. मुलाखतीच्या दालनात किंवा कंपनीच्या अधिकाऱ्यांना फोन करून पालकांनी बोलणी करू नयेत, एवढीच विनंती.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा कायम कर्मचाऱ्यांपुरता नाही; प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही त्यात येतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनांसाठी जिल्हास्तरावर स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. ओजेटीच्या काळात काही घडले, तर महाविद्यालयालाही कळवा. ती जागा ताबडतोब बदलून मिळेल.

आमच्या महाविद्यालयात कक्ष फक्त फलकावर आहे. मग?

जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असते. तिथली सेवा विनामूल्य आहे, रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथे मिळते. केंद्र सरकारचे राष्ट्रीय करिअर सेवा संकेतस्थळ २०१५ पासून चालू आहे. मेळाव्याला जाताना बायोडेटाच्या पंधरा-वीस प्रती न्याव्यात आणि सकाळी लवकर पोहोचावे. दुपारनंतर समोरचा माणूस थकलेला असतो. याशिवाय चार-पाच मित्रांनी मिळून आठवड्यातून एकदा एकमेकांच्या मुलाखती घेतल्या, तर त्यासाठी कोणत्याही कक्षाची परवानगी लागत नाही.

पदवी मिळाल्यानंतरही कक्षात येता येते का?

येते. कंपन्यांच्या अटींनुसार मागील वर्षाच्या उत्तीर्णांनाही काही वेळा बोलावले जाते, म्हणून आपला भ्रमणध्वनी क्रमांक बदलल्यास तो कक्षाला कळवावा.